दहावा वाटा

चंद्राच्या पोटातल्या मितपूरला सरकार होतं, पण ते शोधावं लागे. सभेची एक खोली, मंत्री कोणी नाही, आणि कामं तीनच: हवा, पहारा, न्याय. बाकी ज्याचं त्यानं पाहावं. अणुचुलीतून निघेल त्या विजेचा दहावा वाटा सरकारचा, नऊ वाटे लोकांचे. तो दहावा वाटा कधी फुगू नये याची सोय भानुमती रणदिवे यांनी सत्तावीस वर्षांपूर्वी करून ठेवली होती. आता एकाहत्तराव्या वर्षी बाई प्रयोगशाळेत त्याच सोयीसमोर हताश बसल्या होत्या.

ती सोय म्हणजे अंगठ्याएवढा निळसर सीमास्फटिक. अणुचूल सांभाळणाऱ्या रेणुका भोईरनं तो बदलता येईल का, असं विचारलं.

"कायदा माणसं बदलतात," बाई म्हणाल्या. "म्हणून आम्ही तो कागदावर ठेवलाच नाही. सरकारच्या प्रत्येक तारेतली वीज यातून जाते. बेरीज दहा टक्क्यांपुढे गेली की आतली जाळी विस्कटते आणि हवाघर बंद पडतं. नवा स्फटिक वाढायला चार वर्षं लागतात."

अणुचूल म्हातारी झाली होती. वीज घटली तसा दहावा वाटाही घटला. वसंतात बाईंच्याच सल्ल्यानं पहारा आणि न्यायालय बंद करून सगळी वीज हवेला दिली. कोणाचं काही अडलं नाही, न्यायाधीश मजेत मेथी पिकवू लागले. तरी महिन्याभरात हिशेब उघडा पडला. माणसं चौदाशे, आणि हवा साडेबाराशेंची.

लोक वाईट नव्हते. घरटी थोडी वीज आम्ही आपणहून हवाघराला देतो, असं त्यांनी सांगितलं. रेणुका आनंदानं धावत आली. बाईंनी मान हलवली. स्फटिक वीज मोजतो, देणारा कोण ते पाहत नाही, आणि हे त्यांनी मुद्दाम केलं होतं.

"पहिल्या वसाहतीत स्वेच्छानिधी असायचा," त्या म्हणाल्या. "फॉर्म यायचा तो आकडा आणि सही भरूनच. माझ्या वडिलांनी सात वर्षं स्वेच्छेनं दिलं. पगार हातात आला की त्यांना ते कळायचं."

ती वसाहत तशीच खात खात बुडाली होती. पुन्हा तसं नको म्हणून बाईंनी देणगीलाही कराच्या पंगतीत बसवलं होतं. बाईंचं चुकलं म्हणायला रेणुकाची जीभ रेटेना, आणि बरोबर होतं असंही म्हणवेना.

उरले शीतमंचक. पृथ्वीवरून येताना लोक ज्यांत झोपून आले होते असे दीडशे मंचक गोदामात होते. ते घरगुती विजेवर चालत, म्हणून स्फटिकाचं काही म्हणणं नव्हतं. दीडशे माणसांनी चार वर्षं गोठून झोपायचं, नवा मोठा स्फटिक तयार झाला की उठायचं. पण मंचक जुने. झोपणाऱ्यांतले निम्मे उठतील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

कोणी झोपायचं हे ठरवण्याचा अधिकार सभेला नव्हता. बाईंना त्यातल्या त्यात हेच बरं वाटलं. सभेच्या दाराशी कोरा कागद लागला, ज्यानं त्यानं आपलं नाव लिहावं. पहिलं नाव बाईंनी लिहिलं, ते लोकांनी खोडलं. स्फटिक वाढवणार कोण?

त्यांच्याजवळ धाकटा भाऊ राहत असे, श्रीरंग. सहा वर्षांपूर्वीच्या झटक्यानं त्याची उजवी बाजू गेली होती, सहीच्या जागी तो डाव्या हाताचा अंगठा उठवायचा. "अक्का, मी काही लिहिणार नाही हं," तो म्हणाला होता. "मी एकदा झोपलो की उठायचा नाही." बाईंना सुटल्यासारखं झालं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

आठवड्यात एकेचाळीस नावं झाली. मग चार दिवस कागद तसाच राहिला. पाचव्या दिवशी यादी पूर्ण झाल्याचं कळलं, तेव्हा बाई पाहायला गेल्या. बेचाळीसपासून पुढे शाई एक, अक्षर एक. नावं तळआळीतली, सगळ्यात खालच्या वस्तीतली: एकटी, आजारी, म्हातारी. सत्त्याण्णवावं नाव श्रीरंग रणदिवे. पुढे झोकदार सही.

सभाध्यक्ष दाजीबा शिर्के यांना त्यांनी ती दाखवली. दाजीबांनी सहीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"खोटी असेल, बाई. पण ते ठरवणं न्यायालयाचं काम."

"मग उघडा न्यायालय."

"त्याला सभेचं बहुमत लागतं," दाजीबा हळू म्हणाले. "आणि सभेतल्या एकाच्याही घरचं नाव यादीत नाही. सरकारनं कोणाला झोपवू नये ही तुमचीच शिकवण. आम्ही कुठे झोपवतोय? लोकांनी आपसात ठरवलं."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाईंनी कुणाला शिव्या द्यायच्या? सरकारचे हात त्यांनी असे पक्के बांधले होते की लबाडाचा हात धरायलाही ते मोकळे राहिले नव्हते. मी स्फटिक वाढवणारच नाही, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण मग श्रीरंगला उठवायचं कधी?

घरी आल्या तर टेबलावर शिऱ्याच्या तीन वाट्या होत्या. शेजारी श्रीरंगचं अभिनंदन करून गेले होते.

"अक्का," त्यानं विचारलं, "मी कधी हो म्हटलं गं?"

त्यांचे वडील पगाराच्या दिवशी हातातल्या पैशांकडे बघत, तसाच तो वाट्यांकडे बघत होता. बाईंना रडू आवरेना.

सकाळी चौघं शेजारी आले. त्यांनी श्रीरंगची खुर्ची धक्का लागू न देता उचलली, त्याच्या पायांवर शाल नीट घातली, आणि बाईंना नमस्कार करून त्याला घेऊन गेले. चौघांत सरकारी माणूस एकही नव्हता.