लोरयूगानचं गोड पाणी

नवऱ्याच्या वर्षश्राद्धाच्या जेवणाला नेल्मा मासाच वाढायचा, एवढ्यासाठी अग्राफेना मार्चच्या कडाक्यात स्कीवर निघाली होती. सोबत धाकटा दीर तेरेंती. अभयारण्याची परवानगी एका दिवसाची आणि पाच माशांची. जेवण परवावर आलेलं, आणि खालच्या अंगाला नदी मेलेली.

हिवाळा सरता सरता लोरयूगान नदी अशीच मरते. दलदलीचं पाणी बर्फाखाली कोंडतं, गंजतं. माशांचा जीव गुदमरतो, आणि ज्यांच्यात त्राण असतं ते वर कुठेतरी फुटणाऱ्या जिवंत झऱ्याकडे धावतात. झरा दर वर्षी जागा बदलतो. तो शोधायचा मिकूल, तिचा नवरा. यंदा मिकूल नव्हता.

"दादा वासावरून सांगायचा," तेरेंती म्हणाला.

"वासावरून नव्हे, चवीवरून. तुम्ही तेव्हा शेकोटीशी चहा ढोसत असायचात, भावोजी."

पहिल्या वळणावर तिने भूर्जाच्या फांदीला चिंधी बांधली, नदीला दोन शब्द हळूच सांगितले आणि मगच बर्फाला भोक पाडलं. ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं. गंज. दुसऱ्या वळणावरही गंजच. दुपार कलली. देवदारांच्या सावल्या नदीवर लांबल्या, दूर कुठेतरी सुतारपक्षी एकटाच ठोकत होता.

तिसऱ्या वळणावर तेरेंती पुढे झाला. बर्फ कुरकुरला. वाकला. आणि तेरेंती छातीपर्यंत आत!

अग्राफेना जागच्या जागी पालथी पडली. स्कीची काठी पुढे सरकवली.

"पाय झाडू नका. आडवे व्हा. हं, आता धरा."

ती इंच इंच मागे सरकली. तो इंच इंच बाहेर आला. काठावर तिने आधी जाळ केला, मग त्याला कोरडी विजार दिली, मग त्याचे हातमोजे पिळायला घेतले. बोटांवर आलेलं पाणी तिने सहज जिभेला लावलं. थबकली. पुन्हा लावलं.

"वहिनी, मी मरता मरता वाचलो, आणि तुम्ही माझे हातमोजे चाटताय?"

"गोड आहे, भावोजी. झरा तुम्हीच शोधलात."

म्हणूनच तिथला बर्फ पातळ होता. दोघं स्की आडव्या टाकून त्यांवर पोटावर सरकत भगदाडापाशी गेले. खाली मासे दाटीवाटीने उभे होते, सगळ्यांची तोंडं झऱ्याकडे, सगळ्यांचे कल्ले एकसारखे हलत. तेरेंतीने दांड्याचं जाळं सोडलं. कळप एकदम मागे फुटला. जिथे पाणी पुन्हा गंजून तांबूस होत होतं तिथे एक मोठा नेल्मा गेला, डगमगला आणि कुशीवर कलंडला.

"जाळं काढा."

"पाचाची परवानगी आहे, वहिनी."

"आहे. पण पाचांसाठी बाकीचे पळतील कुठे?"

अग्राफेनाने बाही वर केली. खांद्यापर्यंत हात आत घातला. नेल्मा शेपटीजवळ धरला आणि त्याचं तोंड झऱ्याच्या धारेकडे वळवून ठेवलं. हात आधी दुखला, मग जळला, मग तिचा राहिलाच नाही.

"तो गेलाय," तेरेंती म्हणाला. "गेलेला तरी घेऊ. दादासाठी."

तिने मूठ सैल केली नाही. बऱ्याच वेळाने एक कल्ला उघडला. मिटला. पुन्हा उघडला. शेपटीने तिच्या बधिर मुठीला हिसका दिला आणि मासा कळपात शिरला. मागे फुटलेले एकेक करून परत आले.

तेरेंतीने तिचा हात आपल्या काखेत धरून चोळला. रिकामं पोतं घडी करून तो म्हणाला, "आता थडग्यापुढे ठेवणार काय?"

"उकडलेले बटाटे."

"दादा बटाट्याला नाक मुरडायचा."

"मुरडू दे," अग्राफेना स्कीचा पट्टा आवळत म्हणाली. "तीस वर्षं मुरडलं, आणि तीस वर्षं खाल्ले."