उपटलेल्या खुंट्या

"उद्या सकाळी सही आहे आणि माझी आत्ताच पाचावर धारण बसलीय," नर्स म्हणाली.

वहिनींनी तिला खुर्ची दिली. खासगी तपासात वहिनींचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, त्यांची गाडी चालवत आणि दरवेळी भलत्याच माणसावर छातीठोकपणे संशय घेत.

नर्सने गावाबाहेर जमिनीचा तुकडा पसंत केला होता. तिचे वडील पायांनी अधू. घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे कित्येक दिवसांत ते खाली उतरले नव्हते. चाकाची खुर्ची थेट अंगणात जाईल असं बैठं घर तिला बांधायचं होतं. परवा तिने घराच्या जागी खुंट्या ठोकून घेतल्या. काल सकाळी जाऊन पाहते तर सगळ्या उपटलेल्या.

"परवा मला रात्रपाळी होती. खिडकीतून लांब डोंगराकडे विजा दिसत होत्या. इकडे थेंब नाही, तरी बाबा घरी एकटे म्हणून जीव खालीवर होत होता. आणि सकाळी हे! शेजारचा कोंबडीवाला आधीच म्हणाला होता, इथे घर बांधू नका."

"सरळ धमकी!" भाऊजींनी निकाल देऊन टाकला.

"कागद तपासलेत?" वहिनींनी विचारलं.

"वकिलाकडून. सगळे चोख आहेत."

दुपारी तिघं तिथे पोचली. जागा छान सपाट होती. कडेने ओढा, त्यात चूळ भरण्यापुरतं पाणी. जमीनमालक हसतमुखाने पुढे आला. खुंट्या खालच्या बाजूच्या कुंपणाला लागून पडल्या होत्या, सगळ्या एकाच जागी.

"काल इथे चिखल होता," नर्स म्हणाली.

"धूळ बसावी म्हणून मीच पाणी मारलं," मालक म्हणाला.

वहिनींनी प्यायला पाणी मागितलं. मालकाने गाडीतून बाटली आणली. नळ नव्हता, विहीरही नव्हती. "होईल सावकाश," तो म्हणाला.

जागेच्या कोपऱ्यात मालकाची एक जुनी खोली होती. तिच्या भिंती छातीपर्यंत नव्याने रंगवलेल्या होत्या. वर जुनाच रंग. "रंग संपला हो," मालक हसला.

तेवढ्यात भाऊजींची टोपी काटेरी फांदीत अडकली. ओढली तशी डोक्यावर वाळक्या गवताची गुंतवळ पडली. "घरटं बांधायला बरी जागा सापडली पाखरांना!" ते वैतागले.

कोंबडीवाल्याच्या घराचा चौथरा इतका उंच, की पायऱ्या चढताना भाऊजींचे गुडघे बोलू लागले.

"खुंट्यांना मी हात लावला नाही," कोंबडीवाला म्हणाला. "पण घर बांधू नका, हे आजही सांगतो."

"का?"

"मालकाला विचारा. माझी वाट त्याच्या जमिनीतून जाते. जास्त बोललो तर उद्या काटे टाकील."

"बघा, घाबरला!" भाऊजी खाली उतरताना म्हणाले.

"भाऊजी, साप साप म्हणून भुई धोपटू नका," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी मालकाला हाक मारली.

"खुंट्या उपटणारा सापडला. तो परवा रात्री डोंगरातून आला. पाऊस तिथे पडला, पाणी ओढ्याने इथवर आलं. माणसाने उपटल्या असत्या तर खुंट्या जागच्या जागी पडल्या असत्या. या वाहत जाऊन कुंपणाला अडकल्या."

"मी पाणी मारलं होतं!"

"कशाने? या बाटलीने?"

मालक गाडीकडे वळला. वहिनींनी खोलीकडे बोट दाखवलं.

"परवाचा पूर लहान होता. मोठा किती येतो, ते तुम्हीच रंगवून ठेवलंत. गाळाचे डाग छातीपर्यंत होते, म्हणून रंगही तिथपर्यंतच. भाऊजी, तुमचं घरटंही पुराच्या पाण्यानेच फांदीत अडकवलं. आणि कोंबडीवाल्याला उंच चौथऱ्याची हौस नाही. त्याने इथले पावसाळे पाहिलेत. कागद चोख असले तरी जमीन पावसाळ्यात कशी दिसते, ते कागदावर येत नाही."

भाऊजींनी मुकाट्याने टोपी झटकली. त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. छातीएवढं पाणी, मध्यरात्र, मुलगी कामावर आणि अंथरुणातून हलू न शकणारा म्हातारा माणूस.

नर्स मालकासमोर जाऊन उभी राहिली. "बाबा चालू शकत नाहीत, हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"हो ना, ताई," मालक खाली बघत म्हणाला. "म्हणूनच तर सपाट जागा दाखवली."