हळदीचा कागद

"शेजारचे भूपेंद्रकाकाच! दुसरं कोण असणार?" प्रज्ञेशने पाण्याच्या टाकीवर मूठ आपटली. "साड्यांचा रंग धुऊन गटारात सोडतात ना!"

साड्यांच्या कारखान्यांजवळच्या, गोडादऱ्याच्या त्या चाळीत पोरांना मेच्या सुट्टीत उद्योग नव्हता म्हणून ही चौकशी चालली होती, असं मुळीच समजू नका. विशाखाच्या दारातला मोगरा मरत होता. तिची आई कलाबाई हिने धुळ्याहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली ती तीन झाडं दर उन्हाळ्यात फुलायची. गेल्या वर्षी आई गेली. मग दोन झाडं वाळली आणि आता तिसऱ्याची पानं करपत होती. वर्षश्राद्ध तर तीन आठवड्यांवर आलेलं! आईच्या फोटोला तिच्याच मोगऱ्याचा गजरा घालायचा, एवढंच विशाखाला हवं होतं.

"आधी पुरावा!" निशा म्हणाली. ही बया पुराव्याशिवाय पाणीसुद्धा प्यायची नाही.

गटाराचं पाणी मोगऱ्याकडेच जातं हे दाखवायला प्रज्ञेशने त्यात कागदी होडी सोडली. होडी निघाली ती मोगऱ्यापासून लांब, थेट रस्त्याकडे!

"घ्या, सुटला तुझा गुन्हेगार!" निशाने दप्तरातून हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेला कागद काढला. शाळेत बाईंनी हा प्रयोग दाखवला होता. मोगऱ्याखालची माती पाण्यात कालवून तिने वर थेंब सोडला. पिवळा कागद लाल झाला!

"लाल म्हणजे मातीत खार आहे. मुळं जळतायत. कुणीतरी काहीतरी टाकतंय, विशाखा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं टाकीमागे दबा धरून बसली. रातपाळी संपवून एक माणूस सायकलवरून आला. त्याने कॅरिअरवरची पिशवी सोडली आणि मोगऱ्याच्या बुंध्याशी ओंजळी ओंजळीने राख पसरली. अगदी हळुवार, लेकराला पांघरूण घालावं तशी.

ते विशाखाचे आबा होते.

"बॉयलरची राख!" प्रज्ञेश कुजबुजला. "आबांच्या रंगाच्या कारखान्यात सोड्याची पोतीही त्याच ढिगावर झटकतात, माझे बाबा सांगतात."

"आबांना सांगायचं नाही! शपथ आहे तुम्हाला!" विशाखाचे डोळे भरून आले.

"मग तिसरंही जाईल गं," निशा म्हणाली.

विशाखाने डोळे पुसले आणि निशाच्या हातातला कागद घेतला. मग ती उठून आबांपाशी गेली. "आबा, राख नका टाकू."

"आसं कसं? राख म्हंजे खत. तुन्ही मायच सांगे."

"ती गावाकडच्या चुलीतली, आबा. आई मूठभरच टाकायची. ही कारखान्यातली आहे." तिने लाल झालेला कागद पुढे केला आणि सगळं सांगितलं.

आबा राखेने भरलेल्या हातांकडे बघत राहिले. "म्हंजे... मीच?"

विशाखा त्यांच्या गळ्यात पडली. दोघंही खूप रडली.

मग मात्र सगळे कामाला लागले. "मला चोर ठरवत होता काय रे, बदमाशांनो!" म्हणत भूपेंद्रकाकांनीच बारडोलीहून टेम्पोतून शेतातली माती आणली. झाड नव्या मातीत लावलं. आबा रोज विचारायचे, "आज कागद कसा?" कधी लालसर, कधी कमी लालसर.

वर्षश्राद्धाच्या सकाळी कागद पिवळाच राहिला. झाडाला एक कोवळं पान होतं. फूल मात्र एकही नव्हतं.

आबांनी तो कागद घेतला आणि आईच्या फोटोच्या चौकटीत खोचला.

"कला," ते म्हणाले, "तुन्ही पोर हुशार शे."