जुडीतलं मधलं रोप

“ही फांदी आज बुडापासून जाणार!” थोरल्याने करवत उचलली... आणि काचघराच्या दारात उभ्या असलेल्या मावशीने हातातली बॅग धपकन खाली ठेवली!

ती निघालीच होती. गाडी दुपारची होती, बहिणीकडे तिच्यासाठी मागची खोली झाडून ठेवलेली होती, घरभर फिरून खिडक्या लावून झाल्या होत्या. जिच्या जागी ती या घरात आली ती मुलांची आई जाऊन कितीतरी वर्षं लोटली होती, आणि ज्यांचा हात धरून आली ते बाबा (हो, नवऱ्याला तीही मुलांसारखं बाबाच म्हणायची!) उन्हाळ्याच्या तोंडाशी गेले. तेव्हापासून आपण या घरात नक्की कोणाच्या कोण, हा प्रश्न तिला रोज सकाळी चहाबरोबर पडू लागला. जा, असं तिला कोणी म्हणालं नव्हतं. पण राहा, असंही कोणी म्हणालं नव्हतं ना! जाण्यापूर्वी काचघरातलं बाबांचं झाड एकदा डोळे भरून बघावं, म्हणून ती इकडे वळली होती.

आणि झाड म्हणजे काय झाड! बसक्या निळ्या कुंडीतलं बोन्साय, उंची जेमतेम गुडघ्याएवढी, पण बुंधा असा की दोन्ही हातांच्या ओंजळीत मावू नये. एका रोपाचा एवढा बुंधा व्हायचा म्हणजे माणसाचा जन्म जातो. बाबांनी तो जुडी बांधून केला होता. रानअंजिराची कोवळी रोपं एकमेकांना चिकटवून उभी करायची, सुतळीने घट्ट आवळायची आणि मुकाट्याने वाट बघायची. वाढता वाढता त्यांच्या साली एकमेकींत मुरत जातात आणि शेवटी कुठलं रोप कुठे संपतं ते लावणाऱ्यालाही सांगता येत नाही. नियम एकच. जुडीतली सगळी रोपं एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेली हवीत. परक्या झाडाचं एक जरी शिरलं, तरी त्याची पानं वेगळी फुटतात आणि सगळं बिंग फुटतं.

बाबांच्या जुडीतली रोपं अंगणातल्या अंजिराची होती, आणि तो अंजीर मुलांच्या आईने स्वतःच्या हाताने लावलेला. आई गेली... पुढे एका वादळात अंजीरही गेला... उरलं ते कुंडीतलं हे झाड. थोरल्याचा त्याच्यात जीव अडकलेला असायचा, यात नवल ते काय!

“हे बघ ना, काय फुटलंय!” तो बहिणीला दाखवत होता. ती धाकटी, म्हणून घरात तिचं नाव शेंडेफळच पडलं होतं. “पान लांबट, देठ लाल. आईच्या झाडाला असलं पान कधी होतं का? बरोबर मधूनच वर आलंय. रोग असणार काहीतरी. काढूनच टाकतो.”

ते पान कुठलं, हे मावशीइतकं कोणाला ठाऊक असणार!

नवी नवरी म्हणून या घरात येताना तिने माहेरच्या परसातल्या रानअंजिराची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. दुसरं होतं काय आणायला! ती फांदी तिने डब्यात रुजवली, तिचं रोप झालं, आणि बाबा जुडी बांधायला बसले त्या दिवशी ती भीत भीत ते रोप घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. “मधे जागा आहे की. ठेव,” बाबा म्हणाले. काय आनंद झाला होता तिला! पण सुतळीचा पहिला वेढा पडतो न पडतो तोच थोरला शाळेच्या कपड्यांतच धावत आला. त्याने ते रोप उपटलं आणि कचऱ्याच्या ढिगावर भिरकावून दिलं.

“हे आमच्या आईच्या झाडाचं नाही! एका जुडीत एकाच झाडाची रोपं, तुम्हीच शिकवलंत!”

बाबांचा हात उगारला गेला. तिने तो वरच्या वर धरला. “बरोबर बोलतोय तो. झाड मुलांच्या आईचंच राहू दे,” असं म्हणून ती आत गेली, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून ऊर फुटेस्तोवर रडली... त्याच खिडकीतून तिने थोड्या वेळाने पाहिलं, तर बाबांनी बांधलेली जुडी पुन्हा सोडली होती आणि ढिगावरचं तिचं रोप झटकून, धुऊन, बरोबर मधोमध उभं केलं होतं! “नियम माझा, मोडायचाही मीच,” ते नंतर तिला म्हणाले. “एक दिवस पोरगा आपल्याआपण बघेल.”

पण हिने बघू दिलं तर ना! पहिलं लाल देठाचं पान डोकावलं मात्र, आणि तिने चटकन इकडेतिकडे पाहिलं. पोराने पुन्हा उपटलं तर? आईच्या आठवणीतही ही घुसली, असं म्हणाला तर? तिने ते पान नखाने खुडलं. मग दुसरं फुटलं, तेही खुडलं. आणि मग तो रिवाजच पडला. रोप जगावं म्हणून एखादं पान इतरांच्या आडोशाला राखायचं, आणि बाकीची, कोवळी, चकाकती, माहेरच्या परसाची आठवण करून देणारी सगळी पानं आपल्याच हाताने खुडून एप्रनच्या खिशात टाकायची. अंजिराचा चीक बोटांना लागून लागून त्यांच्यावर कायमचे तपकिरी डाग पडले. थोरला तापाने फणफणला की ती औषध घेऊन जायची, तेव्हा तो तोंड फिरवायचा. चिकट बोटांनी औषध नको, म्हणायचा. तिला हाक मात्र त्याने कधीच मारली नाही. शेंडेफळ मावशी म्हणायची. तो तेही नाही. “पाणी मिळेल का?” असं तो भिंतीला विचारायचा, आणि भिंत बिचारी पाणी आणून द्यायची!

बाबा गेल्यापासून तिचं पाऊल काचघरात पडलं नव्हतं. तेवढ्यात त्या फांदीने डाव साधला.

कापू दे, तिने मनाशी म्हटलं. मी जातेच आहे, माझं पान तरी मागे कशाला... करवतीचे दात सालीत रुतले. पांढरा चीक टपकला.

“थांब रे!” ती इतक्या मोठ्याने ओरडली की शेंडेफळ दचकून मागे सरली. “बुडापासून नको! ती मधल्या रोपाची आहे. मधलं मेलं की आतून कुजत जाईल, बुंधा पोकळ होईल... तुझ्या आईचं झाड हातचं जाईल रे! वरची पानं हवी तर खुड, पण बुड राहू दे!”

“मधलं रोप?” थोरल्याने वळून पाहिलं. “मधे कुठलं रोप? मधलं तर मी...”

तो त्या लाल देठाकडे बघत राहिला.

“म्हणजे मावशी, तू किडे वेचत नव्हतीस?” शेंडेफळ म्हणाली. “मला आठवतंय तेव्हापासून तू इथे येऊन काहीतरी खुडायचीस आणि खिशात टाकायचीस. विचारलं तर किडे म्हणायचीस! मला किड्यांची शिसारी, म्हणून मी त्या खिशात कधी हातसुद्धा घातला नाही गं!”

मावशीने हात पाठीमागे लपवले. पण थोरला पुढे आला, त्याने ते ओढून घेतले आणि ते तपकिरी डाग जन्मात पहिल्यांदाच नीट पाहिले.

“इतकी वर्षं... स्वतःचीच पानं?”

“तुला आवडलं नसतं रे.”

“मी एवढासा होतो!” तो जवळजवळ ओरडलाच, आणि ओरडता ओरडता त्याचा आवाज फाटला. “एवढ्याशा पोराचं इतकं मनावर घ्यायचं असतं का? एक कानाखाली ठेवून द्यायची होती!”

“देणारच होते बाबा. मीच हात धरला.”

तो हसला की रडला कोण जाणे; दोन्ही झालं असावं. करवत बाजूला टाकून त्याने फांदीच्या जखमेवर मलम लावलं, एखाद्या पोराच्या गुडघ्याला लावावं तसं, फुंकर घालत. मग बुंध्यावरून बोटं फिरवत त्याने खूप शोधलं, की आईची रोपं कुठे संपतात आणि हिचं कुठे सुरू होतं. सापडलं नाही. फांदीच्या टोकाला एक नवा कोंब होता, आणि मावशीचं बोट सवयीने तिकडे गेलं, तशी त्याने तिच्या हातावर हलकीच चापट मारली.

“खबरदार! आता याला हात लावायचा नाही. वाढू दे त्याला.”

“अरे, पण झाड विचित्र दिसेल. बघणारे हसतील.”

“हसू देत. विचारलं कोणी तर सांगेन, आमच्या झाडाला दोन तऱ्हेची पानं येतात.”

शेंडेफळ कधीच बॅग उचलून आत पळाली होती, आणि आतून खिडक्या उघडल्याचे खाडखाड आवाज येत होते. मावशी पायरीवर बसून डोळे पुसत होती. चिकाचे हात धुवायला थोरला नळाकडे गेला. धुता धुता थांबला, वळला आणि या वेळी भिंतीकडे नाही, तिच्याकडे बघून म्हणाला,

“आई, चहा टाकतेस?”

तिने चहा टाकला. त्यात साखर घालायची राहिली, आणि तिघांनीही तो तसाच पिऊन संपवला.