रिकामा पट्टा

घरोघरी फिरून ड्रेसिंग करणाऱ्या त्या सिस्टरचं दुपारचं शेवटचं घर गल्लीच्या टोकाला होतं. तिथले आजोबा तीन वर्षं अंथरुणाला खिळलेले, पाठीला जखमा. कापूस, मलम, चिकटपट्टी, अर्ध्या तासाचं काम. तिचा हात हलका, आणि जीभ त्याहून हलकी. "आजोबा, जखम भरतेय हं, शर्यतीची तयारी करा," म्हटलं की म्हातारा खुदकन हसायचा.

एक वाजता त्यांचा मुलगा जेवायला यायचा. आधी मागच्या अंगणात जायचा. तिथं साखळीला कुत्रा बांधलेला. बाहेरचा सगळा राग त्या मुक्या जिवावर निघे, वड्याचं तेल वांग्यावर. काठीचा आवाज तेवढा नसे. कुत्र्याच्या घशातून जे निघे, ते ऐकवत नसे.

तिनं एकदा हटकलं होतं. "तुम्ही जखमा बघा," मुलगा शांतपणे म्हणाला, "जमत नसेल तर उद्यापासून येऊ नका." तिनं प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला फोन केला. माणसं आली, मुलानं त्यांच्यासमोर कुत्र्याला कुरवाळलं, माणसं चहा पिऊन गेली. दुसऱ्या दिवशी आजोबांनी तिचा हात धरला. "बोलू नकोस, पोरी. तू गेलीस की आमच्या दोघांवर निघतं."

मग ती काय करणार? तिनं एक युक्ती काढली. एक वाजला की हात धुवायच्या निमित्तानं मोरीतला नळ पूर्ण सोडायचा. पाणी बादलीत धो धो पडे, आणि तिला नि आजोबांना काही ऐकू येत नसे. माणूस सरावतो म्हणतात. साफ खोटं. रात्री घरी जेवताना ती ताट अर्धंच सोडी, आणि नवरा विचारी, "पुन्हा तेच का गं?"

एका सोमवारी अंगण रिकामं होतं. "गेला," मुलगा म्हणाला, जणू पाहुणा गेला. सिस्टर मोरीत उभी राहून रडली. दुःख झालंच, पण सुटला बिचारा असंही वाटलं, आणि त्या वाटण्याची तिला लाज वाटली.

मंगळवारी मुलगा यायला दहा मिनिटं असताना ते विव्हळणं सुरू झालं.

"सिस्टर... नळ सोड," आजोबा पुटपुटले.

तिनं सोडला. पाण्याच्या आवाजातूनही ते ऐकू येत राहिलं. तिनं मोरीच्या खिडकीतून पाहिलं. साखळी जमिनीवर पडलेली नव्हती. ती ताणलेली होती, घराच्या दिशेनं, आणि टोकाचा पट्टा गुडघाभर उंचीवर गोल, रिकामा, थरथरत होता.

इतके महिने कानांवर पाणी ओतलेल्या बाईला आज पाठ फिरवणं जमलं नाही. ती अंगणात गेली. दुर्गंध होता, ओल्या केसांचा. "आले रे राजा," ती म्हणाली आणि तिनं पट्ट्याचं बक्कल उघडलं. चामडं आतून गरम लागलं. साखळी खळकन खाली पडली. सगळं शांत झालं.

ती धावत आत आली. "आजोबा, सुटला! ऐकलंत? थांबलं!"

आजोबांच्या सदऱ्याची कॉलर बाजूला सरकली होती. अर्ध्या तासापूर्वी तिनंच त्यांचं अंग पुसलं होतं, मानेवर साधा ओरखडाही नव्हता. आता गळ्याभोवती बोटभर रुंदीचं कातडं सोलून निघालं होतं, मागेपुढे, पूर्ण गोल.

"आजोबा... हे काय..."

त्यांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. आलं ते विव्हळणं, बारीक, लांबलेलं.

तिनं कापूस उचलला आणि तो तिच्या हातातून पडला. बाहेर मोटरसायकल थांबली. तिला ओरडायचं होतं, दार लावायचं होतं, म्हाताऱ्याला खांद्यावर टाकून पळायचं होतं. यातलं एकही तिला जमलं नाही.

मुलगा उंबऱ्यात आला. अंगणाकडे न वळता तो थेट खाटेकडे बघत राहिला, आणि मग त्यानं कुत्र्याला बोलवावं तशी हळूच हाक मारली.

"यू... यू..."

चादरीखाली आजोबांचं अंग थरथरायला लागलं.