खुटबावच्या रस्त्यावरचा चढ

आधी महिना सांग अनिस, मग वाट. तासभर झाला, जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरून दोघं बोटं फिरवताय, पण डोंगरावर कंच्या महिन्यात जायचं, हे एकानं तरी विचारलं का? काय म्हणालास, भादव्यात? वा रं शहाण्या! आन् ज्योतिबा, तू तर धनगराच्या घरातला. तुझ्या आज्यानं जिंदगीभर मेंढरं कोकणात नेली, तरी तुला कळंना?

बसा खाली. आत मामीला च्या टाकायला सांगा. पाच वर्षांमागची गोष्ट हाय, माझ्या दोस्ताची, खुटबावच्या चांगदेवाची. अल्लाची शप्पथ, पदरचं एक अक्षर घालत न्हाई.

सन नव्व्याण्णव. पंचवीस सप्टेंबर, शनिवार, भादव्याची पुनव. गणपती नुकतेच बुडालेले. चांगदेवाचा धाकटा भाऊ संपत कंपनीत कामाला हुता. बाप लवकर गेला, म्हणून चांगदेवानंच त्याला पोटच्या पोरावानी वाढवला. त्या दिवशी संपत कंपनीतले दोन दोस्त घेऊन डोंगरावर गेला. कंच्या डोंगरावर, ते रात्रीचं बोलत न्हाई. तुमच्या नकाशावर हाय तोच.

त्याला दोन वाटा. एक धारेवरनं, लांबची. दुसरी नळीची, दोन कड्यांच्या मधल्या चिरेतनं सरळ वर, जवळची. चांगदेवानं भावाला सांगितलं, "नळीनं जा. आपला बाप मेंढरं घिऊन तिथनंच जायचा."

ते खरंच हुतं रं. पण बाप जायचा कवा? धनगर दिवाळी झाली की कोकणात उतरायचे आन् पाऊस पडायच्या आधी माघारी यायचे. भादव्यातली नळी त्यांच्या घरात कुणी बघितलीच न्हवती. चांगदेवानं वाट ध्यानात ठेवली आन् महिना इसरला.

रात्री साडेआठला जेवताना म्हातारीला कळलं. गिताबाई, दोघांची आई. हातातला घास तसाच ताटात टाकला तिनं. "आरं माझ्या कर्मा! पावसाळ्यात नळीतनं पाणी कोसळतंय! तुझा बाप म्हणायचा, फाल्गुनात वाट आन् भादव्यात काळ!"

पोरं पायथ्याच्या गावात शाळेत झोपणार हुती आन् पहाटं साडेतीनला निघणार हुती. तिथल्या दुकानदाराचा फोन नंबर चिठ्ठीवर हुता. खुटबावातला फोन पावसानं बंद पडलेला. केडगाव स्टेशनाजवळचा एसटीडी बूथ मातुर अकरापर्यंत उघडा असायचा. सायकल पंक्चर. नऊला चांगदेव पायीच निघाला. तासाभराची वाट.

आता तुम्हीच सांगा, तो रस्ता कसा हाय? भाकरीवानी सपाट. दोन्ही अंगाला ऊस. वर लख्ख चांदणं.

कॅनॉलचा पूल ओलांडला आन् चांगदेवाला दम लागला. वाटलं, घाईनं चाललोय म्हणून. जरा पुढं गेला तर मांड्या भरून आल्या. वाकून चालाया लागला. पायाखाली डांबर लागंना... धोंडे लागाया लागले. ऊस कुठं गेला, कळंना. धुकं. थंडी. खुटबावात भादव्यात कसली रं एवढी थंडी?

रस्ता चढत हुता.

चकवा लागला म्हणून त्यानं शर्ट काढला, उलटा घातला. खाली बसला. बापाचं नाव घेतलं. उठला... चढच. माघारी वळला... तरी चढच. घड्याळ बघितलं. साडेदहा. परत बघितलं. पावणेपाच.

रडला तो. एक फोन, पोरांनो. नुसता एक फोन करायचा हुता त्याला.

आन् खालनं आवाज आला. कुणीतरी हसलं.

संपत.

चांगदेव जीव खाऊन वरडला, "संप्या! माघारी फिर! नळीनं नगं!"



"दादा?... तू वर हायस?"

"येऊ नगं! फिर माघारी!"

"थांब दादा... आलो..."

"येऊ नगं!"

दगड निसटला. एकच.

मग... काय न्हाई.

दिवस उगवला तवा चांगदेव कॅनॉलच्या पुलावर बसलेला. घरापास्नं हाकेच्या अंतरावर. गावातल्याच आनंदरावानं त्याला हलवून उठवला. आनंदराव रातची लाईट म्हणून रातभर पुलाशेजारीच उसाला पाणी देत हुता. मला म्हणला, "सिद्दीकभाई, बेडूक सोडून रातभर कुणी वरडलं न्हाई. आन् पुलावर ह्यो दिसलाबी न्हाई."

दुपारी पायथ्याच्या गावातनं केडगावच्या बूथवर फोन आला. मी जीप काढली. चांगदेवाचा घसा पार गेलेला. वाटंत हे समदं त्यानं मला कानाशी तोंड आणून, नुसत्या फुंकरीनं सांगितलं. मी गाडी हाणत ऱ्हायलो.

रात्री नऊला पोचलो. संपतला शाळंच्या व्हरांड्यात चादर टाकून ठेवलेला. पोलीस सकाळी येणार हुते. त्याचे दोस्त भिंतीला टेकून बसलेले, डोळं सुजलेले. मी इचारलं, "काय झालं रं?"

एकजण म्हणला, "मामा, पाणी बघून आम्ही माघारीच वळलो हुतो. तेवढ्यात वरनं हाक आली. पाण्याच्या आवाजात शब्द कळत न्हवते. संपत म्हणला, माझा दादा हाय, अडकला असंल. आम्ही धरला त्याला... हिसडा मारून गेला."

माझ्यानं चांगदेवाकडं बघवलं न्हाई. त्यानं चादरीवरनं भावाचे पाय धरले हुते.

रातभर बसलो. पावणेपाचचा सुमार. पाऊस थांबलेला, चांदण्यात डोंगर उघडा पडलेला. शाळंपुढचं कुत्रं उठलं. गुरगुरलं... आन् गप झालं.

वरनं... नळीतनं... हाक आली.

"संप्याऽऽ... माघारी फिर..."

आवाज चांगदेवाचा. वीस वर्षं ऐकलेला. मी चुकणार न्हाई, पोरांनो.

चांगदेव माझ्या शेजारी बसला हुता. तोंड मिटलेलं. दोन्ही हात कानांवर दाबलेले.

सकाळी भावाला घिऊन आम्ही माघारी आलो. चांगदेवाचा आवाज तिथंच ऱ्हायला.