शोधहट्ट

होडी परतली नाही म्हणून हर्णैच्या बंदरावर आता कुणी रडत बसत नाही. वर अवकाशात पंधरा यानं फिरत असतात, ती समुद्रातला माणूस हुडकून देतात. त्यातलं पहिलं यान म्हणजे 'टिटवी'. समुद्र उपसायला निघालेल्या पाखराचं नाव, आणि तसंच हट्टी! तीन वर्षांपूर्वी निवृत्त केलं, तरी खाली यायचं नाव घेईना.

आज संध्याकाळी सात-दहाला ते डोक्यावरून जाणार होतं. वैशालीबाईंनी नेहमीसारख्या अंगणात खुर्च्या मांडल्या, आंबोळ्या झाकून ठेवल्या. त्यांचे यजमान मंगेशराव होते तेव्हापासूनची ही रीत. टिटवी त्यांनीच घडवलेली. नवराबायको आणि त्यांची फ्रॉकमधली लेक ओवी अंगणात येरझाऱ्या घालायची आणि टिटवी वरून त्यांना ओळखायला शिकायची. काय मजेचे दिवस होते ते! शेजारीपाजारी म्हणायचे, टेमकरांचं अख्खं घर पछाडलंय.

"आई, बस जरा," ओवी म्हणाली. तीही आता वडलांच्याच कामात होती. "टिटवीला चेहरा दिसत नाही. अंगाची ऊब दिसते आणि चाल दिसते. अंगठ्याच्या ठशासारखी प्रत्येकाची चाल वेगळी. शिवाय बाबांनी तिच्यात शोधहट्ट घातलाय. म्हणजे हरवलेलं माणूस स्वतः बघितल्याशिवाय ती शोध थांबवत नाही. कुणाचाही हुकूम चालत नाही."

"मला काय सांगतेस? तुझ्या काकांचा शोध चौथ्या दिवशी बंद केला. पाचव्या दिवशी फळकुटाला बिलगलेले सापडले. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत जिवंत होते. त्यातून आलाय तो हट्ट."

"तिच्या यादीत अजून एक माणूस हरवलेलं आहे, आई. बाबा."

मंगेशराव नऊ वर्षांपूर्वी रत्नागिरीच्या दवाखान्यात, छपराखाली वारले. टिटवीच्या लेखी ते एका संध्याकाळी अंगणातून नाहीसे झाले, एवढंच.

"मग मृत्यूचा दाखला पाठवा ना तिला!"

"कागद ती मानत नाही. बाबांचाच नियम. नऊ वर्षं आपल्या घरावरून जाताना ती खाली वाकून बघते आणि इंधन जाळते. आता एकदा उतरण्यापुरतंच उरलंय. आज उतरायला कबूल झाली तर भर समुद्रात पडेल. नाही तर कुणाच्या घरावर कोसळेल, सांगता येत नाही." ओवीनं नवऱ्याकडे बघितलं. "ईशान बाबांसारखा चालला तर..."

"सोंग?" वैशालीबाई कडाडल्या. "ज्या माणसानं जन्मात खोटेपणा केला नाही, त्याचं सोंग?"

ईशान, त्यांचा जावई, खाली मान घालून उभा राहिला. बिचाऱ्याचा काय दोष!

आंबोळ्यांवरचं झाकण सारखं करत वैशालीबाई म्हणाल्या, "दहाव्याला कावळाही शिवला नव्हता. किती विनवण्या केल्या, ओवीचं सगळं नीट करू म्हटलं, तरी नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. तेव्हा नाही मी सोंग म्हटलं." आणि पदर खोचून उठल्या. "ईशानराव, इकडे या. डावा पाय टेकवण्याआधी ते जरा थांबायचे. नांगर पडला होता पायावर. अहो, लंगडू नका, ते लंगडत नव्हते! समोर उंबरठा आहे असं समजा."

आठ-दहा फेऱ्यांनी चाल जमली. मागून बघताना वैशालीबाईंना भरून आलं.

सात-दहाला वायव्येकडून ठिपका वर आला. तिघं चालू लागली, मध्ये ईशान. ठिपका डोक्यावर आला आणि ओवीच्या फोनवर अक्षरं उमटली: तिसरा सापडला. सुखरूप. शोध बंद. उतरते.

"सुटली गं, आई!" ओवी हसता हसता रडायला लागली.

ठिपका दक्षिणेकडे कलला, पिवळा झाला आणि दिसेनासा झाला. ईशान खुर्चीकडे गेला, तो अजून त्याच चालीनं.

वैशालीबाई आभाळाकडे बघतच राहिल्या.

"नऊ वर्षं मला वाटायचं, त्यांची वाट बघणारी वेडी मी एकटीच," त्या म्हणाल्या. "आज कळलं, आम्ही दोघी होतो. आणि कळल्यावर तासाभरात मीच तिला फसवून घालवली. आता मात्र मी खरंच एकटी गं."